आधी ठाण, मग घोडा

घोडा घेण्याचा मोसम मार्गशीर्षात असतो. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरं उतरतात, इंचांत उंची मोजून सौदे होतात. हवा कोरडी, थंडी बेताची, घोडीच्या अंगावर तकाकी. अशा हवेत कुठलंही जनावर देखणंच दिसतं. ट्रकमधून ते वसईजवळच्या नायगावात येतं आणि जागा म्हणून त्याला मिळतो घरामागचा पत्र्याचा आडोसा, नाहीतर म्हशींच्या तबेल्याचा रिकामा कोपरा. मग सहा महिन्यांनी मृग लागतो. पत्र्याखाली वाफ धरते, जमिनीला ओल येते. आषाढ सरायच्या आत घोडी खोकायला लागलेली असते, खुरांना वास येत असतो आणि कातडी वाद्यांवर पांढरी बुरशी चढलेली असते.

ही पुस्तिका त्या मधल्या सहा महिन्यांसाठी लिहिली आहे. खरं तर ती घोडा घेण्याच्याही आधीच्या दिवसांसाठी आहे. माझं म्हणणं एकच: आपल्या किनाऱ्यावर घोड्याचं ठाण पावसाच्या हिशोबाने आखलं पाहिजे, आणि ते घोडा दारात उतरण्याआधी उभं असलं पाहिजे. घोड्यांच्या निवाऱ्याची जी चित्रं आणि नकाशे आपल्यापर्यंत पोहोचतात, ते बहुतेक थंड मुलखातले असतात, नाहीतर मारवाडसारख्या कोरड्या प्रदेशातले. थंड मुलखातली घोडशाळा ऊब धरून ठेवते, मारवाडातली ऊन अडवते. नायगावच्या घोडशाळेला पाणी बाहेर ठेवायचं असतं आणि वारा आत घ्यायचा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने येतात, ही इथली खरी अडचण आहे.

आधी गावाची जमीन बघू. नायगावच्या दक्षिणेला वसईची खाडी, खाडीत पाणजू बेट, स्टेशनच्या आसपास मिठागरं, खाजणं आणि तिवरांचे पट्टे. पूर्वेला जूचंद्र, त्यापलीकडे महामार्ग आणि कामण-तुंगारेश्वरचे डोंगर. म्हणजे डोंगरावरचं पाणी ज्या वाटेने खाडीला जातं, त्या वाटेवरच आपण राहतो. मोठा पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आलं, की खाडी पाणी घेत नाही आणि ते मागे तुंबतं. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पट्टा दिवसेंदिवस पाण्यात होता आणि लोकलगाड्या बंद पडल्या होत्या, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पूर्वी भरतीचं पाणी सामावून घेणाऱ्या सखल जमिनींवर भराव पडल्यापासून पाणी नव्या जागा शोधतं. ज्या प्लॉटवर दहा वर्षांपूर्वी पाणी येत नव्हतं, तो आजही कोरडा राहील असं धरून चालू नये.

म्हणून जागा पावसाळ्यात बघावी. मालक उन्हाळ्यात दाखवतो, तेव्हा सगळंच सपाट आणि कोरडं असतं. ते जमलं नाही तर शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण शोधा. जोतं त्या खुणेच्या वर निदान दीड फूट आलं पाहिजे. घोड्याला चढायला पायऱ्या नकोत, खरबरीत उतार हवा. तिवरांच्या कडेची जमीन स्वस्त मिळते, पण तिवरांभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो, 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने तो नियम पक्का केला आहे. शिवाय त्या चिखलातच घोड्याला चावणाऱ्या बारीक माश्यांची पैदास होते. ती स्वस्ताई महागात पडते.

कोकण हा घोड्यांचा मुलूख कधीच नव्हता, हेही ध्यानात ठेवावं. महाराष्ट्राचं स्वतःचं घोडं म्हणजे भीमथडी, आणि ते नावाप्रमाणे घाटावरचं, भीमेच्या खोऱ्यातलं. किनाऱ्यावर घोडे आले ते समुद्रातून. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिताना नोंदवलं आहे, की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीतले घोडे तेवढे राजाला द्यायचे, बाकीचा माल चाच्यांचा. ज्या खाडीच्या तोंडाशी आपण राहतो, तिच्याच वरच्या अंगाला ठाणं आहे. घोड्यासाठी राजाने चाच्यांशी हातमिळवणी करावी इतकं ते जनावर इथे दुर्मीळ होतं. मुळात या दमट हवेत त्याची निपज होत नव्हती. घोडा आणणं पैशाने जमत होतं, तो टिकवणं ही वेगळी विद्या होती.

ती विद्या आपल्याकडे होती. तिचा मला सर्वात मोलाचा वाटणारा पुरावा म्हणजे शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या हलवर्ण इथल्या लष्कराला गेलेलं पत्र. सोळाशे सत्तरच्या दशकातलं. रयतेवर जुलूम करू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा या आशयासाठी ते सर्वांना ठाऊक आहे आणि शाळेत तेवढंच शिकवलं जातं. पण घोडेवाल्याने ते संपूर्ण वाचावं. लष्कराचा पावसाळी मुक्काम कोकणात पडायचा होता. पागेसाठी दाणा, वैरण, गवत साठवलेलं होतं. महाराज जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना बजावतात, की आत्ताच हवं तितकं उधळलंत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी राहतील, मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग ते आगीवर येतात. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, आणि गवताची गंजी पेटली की छपरं जातील, घोडी जातील. राजा उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. घोडशाळेचं नियोजन म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मी तरी कुठे वाचलेला नाही.

त्या पत्रातला पहिला हिशोब आजही जसाच्या तसा करावा लागतो. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा लागतो. दाण्याची चंदी वेगळी, आणि चंदी वाढवून चाऱ्याची तूट भरून निघत नाही. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी घडलेलं आहे, चारा तुटला की पोटशूळ ठरलेला. आठ किलो म्हणजे पावसाळ्याच्या एकशेवीस दिवसांना जवळजवळ एक टन. दाबून बांधलेल्या गासड्या असतील तर सात फूट लांब, सात फूट रुंद, सात फूट उंच एवढी जागा एका घोड्यापाठी हवी, सुटं गवत असेल तर दुपटीहून जास्त. नायगावात घोडशाळेचे जेवढे नकाशे माझ्यासमोर येतात, त्यांत घोड्याला खण असतो, सामानाला कपाट असतं, मालकाच्या बसण्याला ओटा असतो, आणि गवताची जागा जिन्याखाली. अशा ठिकाणी जुलैत रोज बाजारातून गवत येतं, तेही ओलं. ओल्या गवतावर बुरशी धरते, तिची धूळ फुप्फुसात जाते, आणि हा खोकला एकदा जडला की औषधाने दबतो, जात नाही.

गवत पावसाळा संपल्यावर कापतात. पालघर-वाड्याकडचं सुकं गवत दिवाळीनंतर भरू लागलं की तेव्हाच घेऊन ठेवावं. मे महिन्यात भाव चढतो आणि प्रत उतरते. साठा जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सुटा ठेवावा. घोड्यांच्या डोक्यावर माळा करून त्यावर गवत रचू नये. धूळही खाली, आणि आग लागली तर तीही खाली. गवताची खोली घोड्यांच्या छपरापासून वेगळी असेल तर उत्तम, लागून असेल तर मध्ये पक्की भिंत छपरापर्यंत न्यावी. तिथून विजेची तार नेऊ नये. उंदीर आजही आहेत, फक्त वातीऐवजी ते वायर कुरतडतात.

आता वारा. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पावसाळ्यात सरी नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून मारतात. उन्हाळ्यात दुपारी सुटणारी खारी झुळूकही पश्चिमेचीच. पाऊस येतो म्हणून लोक पश्चिम आणि दक्षिण अंग विटांनी बंद करतात, चोरी नको म्हणून उत्तरही बंद करतात, आणि एप्रिलमध्ये आत भट्टी होते. मला पटलेला मार्ग असा: छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे उतरत्या उन्हाला आणि थेट पावसाला सामोरी येते ती आखूड बाजू. ती पक्की बांधावी आणि तिच्याबाहेर पडवी काढून सामानाची खोली त्या टोकाला घ्यावी. दक्षिण आणि उत्तर या लांब बाजूंना छातीपर्यंत भिंत, वर मोकळं. दक्षिणेची पाखी मात्र पाच फूट बाहेर काढावी. कोकणातल्या जुन्या घरांची पाखी उगाच एवढी खाली उतरलेली नसायची. छपराच्या आढ्यावर, टोकापासून टोकापर्यंत, झाकणी उचललेली फट ठेवावी, तापलेली हवा आणि लिदीमुताची वाफ तिथून वर निघून जाते. पत्रा असेल तर उंची निदान बारा फूट हवी. कौलं असतील तर फारच छान.

हवा खेळते की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. पहाटे दारं उघडण्याआधी घोड्याच्या खणात जाऊन उकिडवं बसा. डोकं गुडघ्याच्या उंचीला आलं पाहिजे, कारण घोडा चारा खाताना आणि आडवा झाल्यावर त्याच उंचीवर श्वास घेतो. डोळे चुरचुरले, नाकात मुताचा उग्र दर्प शिरला, तर छप्पर कितीही चकाचक असो, त्या घोडशाळेत घोडा ठेवण्यासारखी हवा नाही.

खणाची मापं सांगायला सोपी आहेत. साठ इंच आणि त्यावरच्या घोडीला बारा फूट बाय बारा फूट, लहान तट्टाला दहा बाय दहा, विणारी घोडी असेल तर बारा बाय सोळा. दार चार फूट रुंद, आठ फूट उंच, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. लोक म्हणतात, वरातीच्या घोडीला एवढी जागा कशाला, अगाडी-पिछाडी बांधली की झालं. घोडा उभ्यानेही डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. वर्षानुवर्षं आखूड दोरावर ठाणबंद असलेल्या घोडीला ती झोप मिळत नाही. मग ती ऐन वरातीत, बँडच्या आवाजात बिथरली की आपण स्वभावाला बोल लावतो.

फरशीला गुळगुळीत कोबा कधीही करू नये. खरबरीत काँक्रीट, त्यावर खाचा, बारा फुटांत दोन-अडीच इंच उतार आणि उघडी उथळ गटार. वर रबरी चटई, तिच्यावर भाताचा पेंढा किंवा लाकडाची कतरण. मुरमाची जमीन पायांना उत्तम, पण आपल्याकडे पाणी इतकं वर असतं की श्रावणात त्याचा राडा होतो. ओल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराला सड लागते. खूर रोज उचलून कोरायचे आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवायचा, याला पर्याय नाही. हाताला चांगला नालबंद या पट्ट्यात सहज मिळत नाही, त्याच्याशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

एक घोडा मुतासकट दिवसाला वीसेक किलो ओझं बाहेर टाकतो. लीद आठवड्याच्या आत उचलली नाही तर माश्यांची नवी पिढी उडायला तयार होते. उकिरडा घोडशाळेपासून शंभर फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वसईच्या वाड्यांना हे खत हवंच असतं. केळीची, पानवेलीची, फुलांची बागायत अजून जिथे टिकून आहे, तिथल्या वाडीवाल्याशी ठराव करून टाकावा. धनुर्वाताचे जंतू लिदीत असतात, म्हणून घोड्याला आणि मोतद्दाराला दोघांनाही लस टोचून घ्यावी. मोतद्दाराची राहण्याची जागाही नकाशात असली पाहिजे. गवताच्या खोलीत माणूस झोपवायचा, ही प्रथा माणसासाठी आणि घोड्यासाठी सारखीच घातक आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. पिण्यालाच रोज तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खाडीकाठच्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, टँकरचं पाणी कुठून येतं ते कळत नाही, आणि टँकरसाठी विहिरी उपसल्या की वाड्यांचं पाणी खारं होतं, यावरून हरित वसई चळवळीची मोठी लढाई झालेली आहे. छपराचं पावसाचं पाणी टाकीत धरलं तर धुण्यापुसण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. एप्रिल-मे मध्ये कोरड्या मुलखातून आलेल्या काही घोड्यांचा घाम आटतो. अंग तापलेलं, श्वास जोरात, कातडी मात्र कोरडी, असं दिसलं की काम थांबवून थंड पाण्याने अंघोळ घालावी आणि डॉक्टरला बोलवावं.

आता सामान. सामानाच्या प्रकरणाला मी मुद्दामच शेवटची जागा दिली आहे, कारण खरेदीची सुरुवात तिथूनच होते. घोडी यायच्या आधी जरीची झूल आलेली असते. किनाऱ्यावर सामान निवडताना पहिला प्रश्न शोभेचा नसतो, खाऱ्या हवेत ते किती टिकेल याचा असतो. मुलामा दिलेल्या लोखंडी कड्या वर्षभरात खातात, तोंडातल्या लगामाच्या कांबीवरचा मुलामा उडाला की तिची कडा जीभ कापते. कांब, कड्या, बकलं स्टेनलेस स्टीलचीच घ्यावीत. कातड्याचं खोगीर टिकतं, पण पावसाळ्यात ते रोज पुसून, आठवड्याला साबण-तेल करून, वाऱ्यावर टांगलं तरच. ज्याला एवढं जमणार नाही, त्याने म्होरकी आणि तंग जाड विणलेल्या पट्ट्याचे घ्यावेत. ते धुता येतात.

खोगीर बसतं की नाही, हे दुकानात कळत नाही. घोड्याच्या उघड्या पाठीवर ठेवून, तंग न आवळता, पुढच्या कमानीखाली हात घाला. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची जागा हवी, आणि मागून बघितलं तर कण्याच्या रेषेत आरपार उजेड दिसला पाहिजे. मग घाशा घालून अर्धा तास फिरवा, उतरवा आणि पाठ बघा. घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा असेल तर ठीक. ओल्या डागात मधेच रुपयाएवढं कोरडं वर्तुळ दिसलं तर तिथे बोट दाबा. घोडीने पाठ खाली घेतली की समजावं, तिथे भार एकवटतो आहे. हेच दुर्लक्ष चार लग्नांत पाठ लागण्यापर्यंत जातं, आणि पाठ लागलेली घोडी म्हणजे महिनाभर बसून खाणारं जनावर. जुन्या पागांमध्ये पाठ तपासणं हे खरारा करण्याइतकंच रोजचं काम होतं.

लगामाची कांब ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांबाहेर पाव इंच यावी, कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात, त्याहून आवळू नये. काटेरी लगामाबद्दल मला जास्त कळकळीने लिहावंसं वाटतं. लग्नसराईत तो सर्रास दिसतो. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने 1965 साली केलेल्या नियमांत काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत तट्टावर 70 किलोंहून जास्त ओझं लादायलाही मनाई आहे, आणि पारा 37 अंशांवर जातो अशा ठिकाणी भर दुपारी, बारा ते तीन, कामाला जुंपायलाही. साठ वर्षं झाली. जी घोडी हाताला ऐकत नाही तिला शिकवावं लागतं, आणि शिकवणं जमत नसेल तर ती बदलावी. तोंड फाडून तिला उभी करणं ही घोडेस्वारी नव्हे. नायगाव-कामण पट्ट्यात मालिकांचे सेट आहेत, तिथे घोडे भाड्याने जातात. चित्रीकरणासाठी जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. ती निर्मात्याची जबाबदारी म्हणून मालकाने अंग काढून घेऊ नये.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा बऱ्याच जणांना फक्त रस्त्यावरची गाडी आठवली. खटल्यात तबेल्यांचा आणि त्यांच्या परवान्यांचाही प्रश्न होता. घोड्यावर पोट असणाऱ्यांनी हे विसरू नये. उद्या कुणी आपल्या दारात आलं तर पहिल्यांदा बघेल ते ठाण. महापालिकेची परवानगी, शेजाऱ्यांपासूनचं अंतर, सांडपाण्याची वाट, शेंबा रोगाच्या तपासणीचा दाखला, हे सगळे कागद पहिल्या प्रकरणातच दिले आहेत. शेंबा माणसालाही होतो, त्यामुळे तपासणी न झालेला घोडा कितीही स्वस्त मिळाला तरी जुन्या घोड्यांच्या शेजारी आणून बांधू नये. नव्याला तीन आठवडे वेगळा ठेवायला एक सुटा खण नकाशात काढून ठेवावा.

पुस्तिकेच्या शेवटी एक कोरं पान सोडलं आहे. ते मृगाआधी भरायचं आहे. वरच्या भागात जून ते सप्टेंबरच्या उधाणाच्या तारखा लिहा, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या. खाली पाणी चढलं तर घोडे कोणत्या रस्त्याने आणि कुणाच्या आवारात न्यायचे ते लिहा, जूचंद्रच्या टेकडीकडची उंच जागा असेल तर तिथल्या मालकाशी आधी बोलून. रात्री दोर सोडायला कोण येणार, त्याचं नाव लिहा. मग मे महिन्यात एकदा, कोरड्या दिवशी, अंधार पडल्यावर, त्याच रस्त्याने घोडे प्रत्यक्ष चालवून न्या.